एका फळीवरचं शंटिंग

पुस्तकांच्या कपाटाच्या माथ्यावर १२०० मि.मी. लांब आणि ३०० मि.मी. रुंद एवढी जागा मोकळी होती. तिथे मॉडेल रेल्वे बसवायची एवढं पक्कं होतं. पुढचं जवळपास सगळं या दोन आकड्यांनीच ठरवलं.

गोल फिरणारी गाडी पहिल्याच दिवशी बाद झाली. एचओ हे जगात सर्वांत जास्त चालणारं स्केल, १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मि.मी. त्यातलं घट्ट वळणसुद्धा साधारण ३६० मि.मी. त्रिज्येचं, म्हणजे गोल पुरा करायला पाऊण मीटर रुंदी हवी. एन या त्याहून लहान स्केलमध्ये, म्हणजे १:१६० आणि ९ मि.मी. गेज (रुळांमधलं अंतर), तयार रुळांची लहान त्रिज्या २२८ मि.मी.च्या आसपास असते. व्यास झाला ४५६, वर दोन्ही कडांना थोडी मोकळीक. तेही बसत नाही. टोमिक्स या जपानी कंपनीची १०३ मि.मी. त्रिज्येची इटुकली वळणं मिळतात, ती बसली असती. पण त्यांच्यावर ट्राम आणि दोन आसांची बुटकी इंजिनंच नीट चालतात, आणि सुटलेली गाडी डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पुन्हा समोर हजर होते. खऱ्या मुख्य मार्गावरचं ३०० मीटर त्रिज्येचं वळण १:१६० मध्ये १.८७५ मीटरचं होतं हे एकदा मांडून पाहिलं, आणि वळणाचा मोह संपला.

एक रूळ दुसऱ्याच्या वरून नेण्याचा विचारही असाच गणितात विरला. एनमध्ये खालच्या गाडीला डोकं वाचवून जायला रुळापासून वरच्या रुळापर्यंत ५० मि.मी. तरी उंची लागते. शेकडा तीनचा चढ धरला तर तेवढं चढायला १.६७ मीटर लांबी हवी. माझी फळी त्याच्या आधीच संपते.

झेड स्केलकडे मन काही काळ ओढ घेत होतं. मार्कलिन या जर्मन कंपनीनं १९७२ मध्ये आणलेलं, १:२२०, गेज ६.५ मि.मी. त्यात माझी फळी जणू १.३७५ पट लांब झाली असती. पण झेडची वाहनं फार हलकी, रुळावर धुळीचा कण आला तरी अडतात, आणि शंटिंग, म्हणजे इंजिनानं डबे पुढे-मागे नेऊन हव्या क्रमानं लावणं, करायचं तर डबे सारखे जोडावे-सोडावे लागतात. एवढ्या बारीक कपलिंगशी रोज झुंजायची माझी तयारी नव्हती. एनवर शिक्कामोर्तब झालं.

मग उरलं काय? सरळ रूळ, दोन सांधे (रूळ जिथे दोन वाटांना फुटतो ती जागा) आणि मालगाडीच्या वाघिणींची अदलाबदल. इथे अ‍ॅलन राइट या इंग्लिश मॉडेलकाराची ‘इंगलनूक सायडिंग्ज’ ही मांडणी कामाला आली. इंग्लंडच्या ईशान्य भागातल्या अ‍ॅनिक–कॉर्नहिल शाखामार्गावरच्या किलहॅम इथल्या सायडिंगवरून तिची कल्पना सुचली. तीन सायडिंग, म्हणजे टोकाला बंद असलेले बाजूचे रूळ: एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. दुसऱ्या टोकाला शंटिंगचा रूळ, त्यावर इंजिन आणि तीन वाघिणी, बस्स. एकूण आठ वाघिणी. त्यांतल्या पाच चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि ज्या क्रमानं चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमानं गाडी लावायची. आठातून पाचांच्या वेगवेगळ्या रांगा होतात ६,७२०. जागा आणखी कमी असेल तर ३-२-२ आणि पाच वाघिणी असंही करता येतं, पण तिथे तीनची गाडी लावायच्या रांगा फक्त ६० उरतात. दोन-तीन वाघिणींच्या जागेसाठी खेळ एवढा आटतो, म्हणून पूर्ण ५-३-३ बसवायचीच असा हट्ट धरला.

जॉन अ‍ॅलन या अमेरिकी मॉडेलकाराचं ‘टाइमसेव्हर’ हे शंटिंगचं कोडंही डोळ्यांसमोर होतं. १९७२ मध्ये छापून आलेला हा आराखडा इंगलनूकपेक्षा अवघड, सांधेही जास्त. गंमत अशी की हे कोडं रचणाऱ्या माणसाची स्वतःची रेल्वे तळघर व्यापून बसली होती. मला टाइमसेव्हर पटत नाही. त्यातली रुळांची रचना कोड्यासाठी केलेली दिसते; अशी जागा कुठल्या स्टेशनात असेल असं वाटत नाही. इंगलनूक मात्र एखाद्या मालधक्क्याला शोभेल अशीच आहे.

मापं घ्यायला लागल्यावर तिची खरी हुशारी कळली. माझ्या दोन आसांच्या वाघिणी कपलिंगसकट साधारण ६५ मि.मी. लांब, इंजिनही जवळपास तेवढंच. कातो या जपानी कंपनीचा नंबर चारचा सांधा १२६ मि.मी. लांब असतो, आराखड्यासाठी मी तेच माप धरलं. शंटिंगच्या रुळाला २६०. पाचांचं सायडिंग पहिल्या सांध्यानंतर लगेच सुरू होतं, त्याला ३२५. तिनांची सायडिंगं दुसऱ्या सांध्यापुढे सुरू होतात: १२६ अधिक १९५, म्हणजे ३२१. दोन्ही वाटा जवळजवळ एकाच रेषेवर संपतात! जागा कुठेही वाया जात नाही. सांध्याजवळ शेजारच्या रुळावरच्या वाहनाला घासू नये इतकं अंतर सोडायचं, शेवटी रुळाच्या टोकाला गाडी अडवणारा बफर, असं धरून सगळं ८०० ते ८५० मि.मी.मध्ये बसलं. उरलेली लांबी काय करायची हा श्रीमंती प्रश्न नंतर सोडवला.

पडद्यावर आराखडा काढणारी चांगली सॉफ्टवेअर आहेत, पण इतक्या लहान कामाला मी कागदच वापरला. सांध्यांचे पूर्ण मापाचे छापील नमुने कापून जाड कागदाच्या पट्टीवर चिकटवले आणि त्यावर खऱ्या वाघिणी ठेवून हातानं शंटिंग करून पाहिलं. तिसरी वाघीण सांध्यावर लटकते आहे का, इंजिनासाठी खरंच जागा आहे का, हे कागदावर उभ्या असलेल्या वाघिणी जितकं चोख सांगतात तितकं पडद्यावरची रेषा सांगत नाही. याच टप्प्यावर रूळ फळीच्या कडेला समांतर न ठेवता पाच-सहा अंशांनी तिरके केले. कडेला समांतर रूळ असला की डोळा फळीची लांबी मोजत बसतो; तिरका रूळ ती मोजदाद मोडतो, आणि पुढच्या-मागच्या कोपऱ्यांत दोन त्रिकोणी जागा फुकट मिळतात.

फळी ६ मि.मी. प्लायवूडची, खालून ७० मि.मी. उंचीच्या पट्ट्यांची चौकट. पट्ट्या एवढ्या उंच कशाला, तर खालच्या तारा आणि स्विच त्यात लपतात आणि फळी वाकत नाही. प्लायला वर-खाली दोन्ही बाजूंनी वार्निश दिलं. एकाच बाजूला दिलं तर दुसरी बाजू दमट हवेत ओलावा पिते आणि फळी धनुष्यासारखी वळते. पुढची पट्टी रुळाच्या पातळीपेक्षा २० मि.मी. खाली बसवली, म्हणजे रुळाच्या कडेनं ओहोळ, उतार असं काही करता येतं. सगळी जमीन एका सपाटीत असली की ती टेबलासारखी दिसते.

आता ज्यात सर्वांत जास्त वेळ गेला आणि ज्यावर सगळं अवलंबून आहे ते सांगतो: हळू चालणं. शंटिंग करणारं इंजिन ताशी दहा किलोमीटरच्या आसपास सरकतं. १:१६० मध्ये तो वेग येतो सेकंदाला सुमारे १७ मि.मी. या वेगानं १२०० मि.मी.ची फळी पार करायला ७० सेकंद लागतात. तेच इंजिन खेळण्यासारखं पळवलं तर तीन सेकंदांत फळी संपते. लहान जागेत अंतर विकत मिळत नाही, वेळ मात्र हवा तेवढा वापरता येतो. पण त्यासाठी इंजिन सेकंदाला १७ मि.मी.नं, न अडखळता, सांध्यावरूनसुद्धा चाललं पाहिजे. पुढची सगळी मेहनत या एका वाक्यासाठी.

अडखळण्याची पहिली जागा म्हणजे सांध्याचा फ्रॉग, जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात. तो प्लॅस्टिकचा असेल तर इंजिनाच्या चाकांना तेवढ्या तुकड्यात वीज मिळत नाही. लांब इंजिनाला फरक पडत नाही, त्याची बाकीची चाकं धातूवर असतात. माझं तीन आसांचं इंजिन बोटाच्या दोन पेरांएवढं. त्याचं एक चाक प्लॅस्टिकवर आणि दुसऱ्याखाली थोडा मळ, की ते जागीच उभं. म्हणून धातूच्या फ्रॉगचे सांधे घेतले. त्यात अडचण वेगळी: सांधा ज्या बाजूला वळवला असेल त्या बाजूच्या रुळाची ध्रुवता फ्रॉगला द्यावी लागते, नाहीतर शॉर्ट सर्किट.

यासाठी विजेवर चालणारं पॉइंट मोटर वगैरे काही लावलं नाही. फळीखाली साधा सरकता स्विच आडवा बसवला. त्याच्या खटक्यातून एक पोलादी तार वर काढून सांध्याच्या सरकत्या पट्टीत अडकवली आणि दुसऱ्या बाजूनं एक दांडा फळीच्या पुढच्या कडेपर्यंत आणला. दांडा ओढला की सांधा हलतो आणि त्याच हालचालीत स्विच फ्रॉगची ध्रुवता बदलतो. स्विचचा खटकाच सांध्याच्या हलत्या पात्यांना जागेवर दाबून धरतो, त्यामुळे सांध्यातली मूळची स्प्रिंग काढून टाकली. तारेत मधे एक छोटं नागमोडी वळण ठेवलं, कारण स्विचची चाल सांध्याच्या चालीपेक्षा जास्त असते आणि तो फरक कुठेतरी जिरवावा लागतो. दांडा हातानं ओढण्यात सांधेवाल्याचं काम केल्यासारखं वाटतं, ते वेगळंच.

रुळांच्या जोडपट्ट्यांवर वीज वाहून नेण्याची भिस्त ठेवली नाही. आज त्या घट्ट असतात. रंग, गोंद आणि गंज आत शिरले की वर्षभरात कुरकुर सुरू होते. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून बारीक तार सोल्डर केली आणि त्या सगळ्या फळीखालच्या दोन जाड तारांना जोडल्या. प्रत्येक सायडिंगला अशी स्वतंत्र वीज दिल्यामुळे फ्रॉगपुढच्या दोन्ही आतल्या रुळांवर प्लॅस्टिकच्या जोडपट्ट्या घालाव्या लागल्या. सोल्डर करताना फ्लक्स लावून तापलेली कांडी क्षणभरच टेकवायची. रेंगाळली की खालचे प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात.

नियंत्रणासाठी सुरुवातीला साधा १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर होता. एकच इंजिन असताना डीसीसीची (डिजिटल कमांड कंट्रोल) डिजिटल भानगड कशाला, असा माझा युक्तिवाद. डीसीसी म्हणजे अनेक इंजिनं एकाच रुळावर स्वतंत्रपणे चालवणं, असंच बहुतेक जण सांगतात. छोट्या मांडणीला तिचा खरा फायदा निराळा आहे. रुळावर वीज कायम पूर्ण दाबानं असते. मोटरला किती द्यायची ते इंजिनातला डीकोडर ठरवतो, आणि मोटर किती फिरते आहे हे तो तिच्याच उलट्या विद्युतदाबावरून सतत तपासतो. त्यामुळे रांगतं इंजिन एकसारखं रांगतं. शिवाय डीकोडरला कपॅसिटर जोडता येतो, म्हणजे चाकाखाली मळ आला तरी क्षणभराची वीज इंजिनापाशीच असते. इंजिनात सहा पिनांचं सॉकेट तयारच होतं, पण कपॅसिटरसाठी जागा शोधायला चालकाच्या केबिनमधली बैठक कापावी लागली. एवढ्या लहान इंजिनात फ्लायव्हील, म्हणजे गती टिकवून धरणारं जड चाक, मावत नाही, त्याची उणीव या कपॅसिटरनं पुष्कळशी भरून काढली. आज कोणी विचारलं तर शंटिंगसाठी एकाच इंजिनाला डीसीसी लावा असंच मी सांगेन.

कपलिंगचा घोळ मात्र डिजिटल युक्तीनं सुटत नाही. एनची नेहमीची कपलिंगं ढकलली की जोडली जातात, पण सोडवताना उचलावी लागतात. बारीक काडीनं ते जमतं, आणि पुष्कळ जण तसंच करतात. मला ती काडी आणि तिच्यामागचा अवाढव्य हात नकोसा वाटला. म्हणून चुंबकावर उघडणारी कपलिंगं बसवली. रुळाखाली चुंबक असतो. जोड त्याच्यावर आणून थांबवायचा, किंचित मागे सरकून ढिला सोडायचा, की दोन्ही आकडे बाजूला होतात. मग वाघिणी तशाच ढकलत हव्या तिथे नेऊन सोडता येतात. या हिशेबानं शंटिंगच्या रुळाच्या तोंडाशी एकच चुंबक पुरायला हवा. प्रत्यक्षात सांध्यावरून जाताना हलक्या वाघिणी उसळतात, आकडे पुन्हा एकमेकांत बसतात आणि सोडलेली वाघीण इमानानं परत येते. शेवटी तिन्ही सायडिंगांच्या तोंडाशी एकेक चुंबक ठेवला.

तरीही दोन गोष्टी छळत होत्या. वाघिणींचे आस पोलादी, त्यामुळे त्या चुंबकाकडे आपोआप ओढल्या जात आणि एकट्या सोडलेल्या जागेवर थांबतच नसत. आस बदलून बिनचुंबकी घातले. दुसरी गोष्ट वजन. अमेरिकेतल्या एनएमआरए या संस्थेची एनसाठी शिफारस आहे: अर्धा औंस अधिक वाहनाच्या दर इंच लांबीला ०.१५ औंस. माझ्या वाघिणीला ते सुमारे २५ ग्रॅम येतं, आणि मूळच्या वाघिणी त्याच्या आसपासही नव्हत्या. बंद वाघिणींत शिशाचे तुकडे चिकटवले, उघड्या वाघिणींत कोळशाच्या थराखाली दडवले. एका आसावर अगदी हलकी स्प्रिंग टेकवून थोडा अडसर ठेवला, म्हणजे ढकलल्यावर वाघीण स्वतःहून पुढे धावत नाही. इतकं केल्यावर चुंबक दहातल्या नऊ वेळा शब्द पाळतात. दहाव्या वेळेसाठी काडी ठेवली आहेच.

देखाव्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो भाग मला तितका अवघड वाटला नाही. खडीबद्दल एकच आकडा: खऱ्या रुळाखालचा ५० मि.मी.चा दगड १:१६० मध्ये ०.३ मि.मी. होतो. एनची म्हणून मिळणारी बरीचशी खडी त्यापेक्षा ढोबळ असते आणि रूळ धोंड्यांत पडल्यासारखे दिसतात. मालधक्क्यात तर जमीन राखेची, तेलकट, स्लीपरांच्या माथ्यापर्यंत चढलेली. म्हणून बारीक चाळलेली वाळू वापरली. आधी तिच्यातून चुंबक फिरवला, कारण वाळूतले लोहाचे काळे कण पुढे थेट इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात. वाळू कोरडीच ब्रशनं पसरून आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारलं, म्हणजे गोंद थेंबाथेंबानं न साचता आत झिरपतो. मग पांढरा गोंद आणि पाणी निम्मे-निम्मे ड्रॉपरनं सोडलं. सांध्याच्या पात्यांजवळ गोंदाचा थेंबही जाऊ दिला नाही. त्याआधी रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगानं रंगवल्या होत्या. एवढ्या कमी कष्टात एवढा फरक दुसऱ्या कशानंही पडत नाही.

मागच्या भिंतीला फिकट राखाडी-निळं आकाश, कोपरे गोलाईत वळवलेले. छापील फोटोची पार्श्वभूमी लावून पाहिली होती. डोळा तिच्यावरच जाऊन अडकतो, म्हणून काढली. आकाशाला टेकून ४० मि.मी. खोलीचं गोदाम, म्हणजे इमारतीचा फक्त दर्शनी काप. आणि ती उरलेली लांबी? शंटिंगच्या रुळाच्या टोकावर रस्त्याचा पूल बसवला आणि रूळ त्याच्याखालून पलीकडे नेला. पुलामागे जेमतेम इंजिन लपतं. तरी बफर नजरेआड झाल्यामुळे हा रूळ पुढे मुख्य मार्गाला मिळतो असं कुणीही सहज मानून घेतं.

कपाट उंच असल्यानं उभ्यानं पाहिलं की रूळ डोळ्यांपेक्षा थोडे खाली येतात. वरून पाहिलं तर सगळा आराखडा एका नजरेत कळतो आणि जागा आक्रसते. समोरून पाहिलं की वाघिणींच्या आड वाघिणी जातात, पलीकडचं सायडिंग रिकामं आहे की भरलेलं हे मान तिरकी करून बघावं लागतं. शंटिंगला ते गैरसोयीचं आहे, आणि मला ही गैरसोय आवडते.

चालवण्याआधी रूळ अल्कोहोलच्या फडक्यानं पुसतो. घासून साफ करणारे रबर वापरत नाही, त्यांचे ओरखडे उलट मळ धरून ठेवतात. इंजिनाच्या चाकांसाठी अल्कोहोलमध्ये भिजवलेला टिश्यू रुळावर पसरायचा, निम्मी चाकं त्यावर आणि निम्मी रुळावर ठेवून इंजिन जागच्या जागी फिरवायचं. टिश्यूवर उमटलेल्या काळ्या रेघा बघून आश्चर्य वाटतं.

मग आठ चिठ्ठ्या. नीट चाललं तर पाचांची गाडी लागायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. हवी असलेली वाघीण तिनांच्या सायडिंगात तळाशी आणि शंटिंगच्या रुळावर आधीच दोन वाघिणी अशी स्थिती आली की आणखी. लागलेली गाडी मात्र कुठे जात नाही, पाचांच्या सायडिंगातच उभी राहते, एवढीच आता बोच आहे. त्यासाठी पुलापलीकडे अडकवता येईल अशी ४०० मि.मी. लांबीची रुळाची सुटी पेटी करतो आहे: गाडी आत घ्यायची, पेटी काढून शेल्फवर ठेवायची, दुसरी लावायची. वीज जोडायला दोन पितळी नळ्या आणि त्यांत सरकणाऱ्या पिना. त्याच पिना रुळांची टोकंही एका रेषेत धरतील असा बेत आहे. पूल थोडा आत सरकवावा लागेल आणि त्या बाजूचं आकाश नव्यानं रंगवावं लागेल.